१ जुलै : ‘युक्लिड’चे उड्डाण

१ जुलै २०२३. अमेरिकेतील केप कॅनाव्हरलहून ‘फाल्कन ९’ अग्निबाणाने युरोपीय अवकाश संस्थेची ‘युक्लिड’ दुर्बीण अवकाशात नेली. भारतात तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. महिन्याभरात ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या मुक्कामी पोहोचली.

आरसा अवघा १.२ मीटरचा, हबलच्या निम्मा. काम मात्र अचाट. विश्वाचा सुमारे ९५ टक्के हिस्सा, म्हणजे कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा, कोणत्याच दुर्बिणीला थेट दिसत नाही. ‘युक्लिड’ तो आडवाटेने शोधते. वाटेतल्या कृष्णद्रव्याच्या गुरुत्वामुळे दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्यांचे आकार किंचित ताणलेले दिसतात. अब्जाहून अधिक दीर्घिकांचा हा ताण मोजायचा, तर यंत्रात केसभर खोटही चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू मंदावताना दिसला. कारण निघाले आतल्या भागांवर साचलेला, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढा बर्फाचा थर! मार्च २०२४ मध्ये एकच आरसा ३४ अंशांनी तापवला आणि नजर निवळली.

आज या दुर्बिणीचे मोल वाढलेच आहे. ॲरिझोनातील ‘डेसी’ या उपकरणाच्या मोजमापांतून कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत मिळाले आहेत. ते पडताळायला स्वतंत्र साक्षीदार हवाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेले ‘युक्लिड’चे सर्वेक्षण सहा वर्षांचे असून त्यात एक तृतीयांशाहून अधिक आकाश टिपले जाणार आहे.