तुटण्याआधी दोर काय सांगतो?

मागच्या जुलैतली गोष्ट. ताम्हिणीच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर आमच्या मित्राची जीप पार दरवाज्यापर्यंत चिखलात बसली. काळजीचं कारण नव्हतं, कारण पुढच्या बंपरला विंच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा रहाट. दोराचं टोक समोरच्या झाडाला पट्टा गुंडाळून अडकवायचं, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. निदान तसं अपेक्षित असतं.

दोर ताणला गेला, गाडी वीतभर हलली, आणि फाट्कन आवाज झाला. तुटलेलं टोक उलटं येऊन बॉनेटवर आपटलं आणि पत्रा चिरून गेलं. दोनच मिनिटांपूर्वी मी तिथे उभा राहून फोटो काढत होतो.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. मुळशी ओलांडल्यावर मित्र हळूच म्हणाला, "अरे, मे महिन्यात ह्याच दोराचं कुसळ माझ्या ग्लोव्हमध्ये घुसलं होतं. एक-दोन तारा तुटून वर आल्या होत्या. मी पक्कडीने कापून टाकल्या."

म्हणजे दोराने वॉर्निंग दिली होती आणि आम्ही ती कापून टाकली होती. आमच्या धंद्यात हे रोज चालतं. पण तिथे फार तर रात्री फोन वाजतो, पत्रा चिरत नाही.

आता नवीन दोर घ्यायचा. पोलादी की सिंथेटिक? ह्या प्रश्नावर ऑफ-रोडिंगवाल्यांत दोन पंथ आहेत आणि दोघांकडे आपापले आकडे तयार असतात. मी दोन शनिवार-रविवार वाचत बसलो आणि (सवयीप्रमाणे) दुकानाऐवजी थेट एकोणिसाव्या शतकातल्या खाणीत जाऊन पोचलो.

जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात क्लाउस्टाल नावाचं गाव आहे. चांदीच्या आणि शिशाच्या खाणींचं. १८२०-३० च्या सुमारास तिथल्या खाणी शेकडो मीटर खोल गेल्या होत्या आणि खनिज वर ओढायला दोनच गोष्टी होत्या: अंबाडीच्या जातीच्या वाखाचा दोरखंड, नाहीतर लोखंडी साखळी. दोरखंड ओलीत कुजायचा. साखळी कुजत नव्हती, पण तिचं दुखणं वेगळंच होतं. ती वर्षभर बिनतक्रार काम करायची आणि एक दिवस अचानक एक कडी तुटायची. एक कडी तुटली की खेळ खलास, खालचं सगळं खाली.

तिथला खाण अधिकारी विल्हेल्म अल्बर्ट हा शिकलेला होता कायदा. पण १८२९ साली त्याने एक इंजिनिअरी काम केलं: साखळीवर पुन्हा पुन्हा भार टाकून ती कधी तुटते ते पाहिलं. एकदाच मोठा भार टाकून नव्हे. रोजचाच भार, हजारो वेळा. धातू एका फटक्यात नाही तर वापरून वापरून थकतो, ह्याचा शोध घेणाऱ्या पहिल्या चाचण्यांमध्ये ह्या चाचण्यांचं नाव आजही घेतात. आपण ज्याला लोड टेस्टिंग म्हणतो त्याचे हे खापरपणजोबा.

त्यातून त्याने जे बनवलं ते दिसायला अगदी साधं. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारा. चार तारांचा एक पेड, आणि असे तीन पेड एकमेकांवर पिळलेले. एकूण बारा तारा. २३ जुलै १८३४ ला हा दोर क्लाउस्टालच्या कॅरोलिन खाणीत कामाला लागला. पुढच्या वर्षी अल्बर्टने तो कसा बनवायचा हे छापूनही टाकलं.

ह्यातली खरी गंमत पिळात आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे आपण माणसांबद्दल म्हणतो. तारेच्या दोराबद्दल थोडं बदलून म्हणावं लागेल: तार तुटली तरी पीळ तिला सोडत नाही. बारापैकी एक तार तुटली की तिथे तिचा भार शेजारच्या तारा उचलतात. एवढंच नाही. पिळामुळे तारा एकमेकींना घट्ट दाबून असतात, त्यामुळे तुटलेली तार थोड्या अंतरावर घर्षणाने पुन्हा पकडली जाते आणि तिथून पुढे आपला वाटा उचलू लागते. आणि तुटलेलं टोक बाहेर डोकावतं. ते दिसतं, हाताला लागतं. साखळी मुकी होती, हा दोर बोलका होता. अल्बर्टने नुसता मजबूत दोर बनवला नाही. तुटण्याआधी सांगणारा दोर बनवला. आमच्या ग्लोव्हमधलं कुसळ त्याच घराण्यातलं.

ही युक्ती अमेरिकेत नेऊन मोठी केली जॉन रोब्लिंगने. पेनसिल्व्हेनियात कालव्यातल्या होड्या गाड्यांवर चढवून डोंगरापलीकडे ओढून नेणारी एक रेल्वे होती आणि तिचे वाखाचे दोर सारखे झिजायचे. रोब्लिंगने १८४१ साली सॅक्सनबर्गला आपल्या घरामागच्या कुरणात तारेचा दोर वळला. त्याच घराण्याने पुढे ब्रुकलिन पूल बांधला. १८७८ साली उघडकीला आलं की तारेचा ठेकेदार तपासणीत पास झालेली तार दाखवून भलतीच तार पाठवत होता. बरीचशी खराब तार केबलमध्ये विणून झाली होती, ती काढणं अशक्य. पण रचना गरजेच्या सहापट ताकदीची होती, आणि भार हजारो तारांत वाटलेला. प्रत्येक केबलमध्ये १५० तारा जादा घातल्या आणि काम पुढे गेलं. पूल १८८३ मध्ये खुला झाला, आजही उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या लष्करी जीप सामान्य लोकांच्या हातात आल्या, १९५९ च्या सुमारास अमेरिकेत हौशी लोकांसाठी इलेक्ट्रिक विंच निघाले, आणि खाणीतला दोर गाडीच्या बंपरवर येऊन बसला. तिथे त्याची थोडी आबाळच झाली. पोलादी दोराला मोठं चाक लागतं, लहान ड्रमवर वळवला की तारा लवकर थकतात. बंपरवर मोठा ड्रम ठेवणार कुठे? शिवाय तीस मीटर दोराचं वजन दहा किलोच्या घरात. ताणलेला असताना तुटला तर तेवढं पोलाद चाबकासारखं फिरतं. पत्रा चिरणारं हेच.

आता दुसरा दोर. त्याचा जन्मही खाणीच्याच घरात झाला, हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो.

नेदरलँड्सच्या लिम्बुर्ग भागात सरकारने १९०२ साली कोळशाच्या खाणी काढल्या. त्या कंपनीची आद्याक्षरं डी.एस.एम., म्हणजे डच सरकारी खाणी. १७ डिसेंबर १९६५ ला मंत्री योप डेन आउल ह्यांनी हेरलेन गावी जाऊन खाणी बंद करण्याची घोषणा केली. १९७४ संपेपर्यंत लिम्बुर्गातली शेवटची खाण मिटली. तोवर कंपनी खतं आणि प्लॅस्टिककडे वळली होती. तिच्याच प्रयोगशाळेत १९७९ साली पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा ह्यांनी पॉलिथीनचा एक अचाट धागा काढला. पॉलिथीन म्हणजे तेच, दुधाच्या पिशवीचं!

पिशवी हाताने फाटते आणि हा धागा गाडी ओढतो, हे कसं? विंचरलेल्या आणि न विंचरलेल्या केसांत जो फरक असतो तो. ह्या जातीच्या पॉलिथीनचे रेणू प्रचंड लांब असतात आणि त्यांचा भयंकर गुंता झालेला असतो. वितळवून धागा काढावा तर इतकं घट्ट की छिद्रातून जातच नाही. त्यांनी ते थोड्या प्रमाणात द्रावकात विरघळवलं, म्हणजे केसांना तेल लावून गुंता सैल केला. मग छिद्रातून सोडून थंड केलं आणि तो जेलीसारखा धागा गरम करून अनेकपट ताणला. सगळे रेणू एका दिशेला सरळ झाले. १९९० पासून हेरलेनमध्येच त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं, डायनीमा नावाने. (हा व्यवसाय २०२२ मध्ये एव्हिएंट ह्या अमेरिकन कंपनीकडे गेला.)

ह्या धाग्याची बारा पेडांची वेणी घातली की झाला सिंथेटिक विंच दोर. वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या कितीतरी पट ताकद. तीस मीटरला दोन-एक किलो. पाण्यावर तरंगतो. तुटला तर अंगात वजनच नसल्याने पोलादासारखा फिरत नाही. तुटलेला भाग जंगलात बसून हाताने पुन्हा ओवून जोडता येतो. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरू लागलं, तसल्या चिखलात, गुडघाभर पाण्यातून दोर ओढत नेताना ह्या गोष्टींची किंमत कळते.

मग प्रश्नच मिटला की! मलाही तसंच वाटलं होतं, मिलफर्ड हेवनचं प्रकरण वाचेपर्यंत.

२ मार्च २०१५. वेल्समधल्या ह्या बंदरात झार्गा नावाचं अवाढव्य गॅसवाहू जहाज धक्क्याला बांधत होते. दोर ह्याच जातीच्या धाग्याचा. असा दोर तुटला तरी उसळून येत नाही, अशी समजूत. तो तुटला, उसळला आणि डेकवरच्या एका अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या अहवालात दोन गोष्टी आहेत. एक, दोराच्या टोकाला लवचिक दोराची शेपटी जोडलेली होती. ताणाची ऊर्जा तिच्यात साठली आणि तिने सगळ्यालाच उसळवलं. दोन, आतला धागा वाकून-दबून आधीच कमजोर झाला होता, पण बाहेरच्या आवरणामुळे कुणाला दिसला नाही.

म्हणजे साखळीचाच मुकेपणा, दोनशे वर्षांनी, नव्या कपड्यात.

विंचचा दोर बहुधा बिनआवरणाचा असतो हे आपलं नशीब. तरी तो पोलादासारखा टोचून सांगत नाही. उन्हाने तो झिजतो. चिखलातली वाळू पेडांमध्ये शिरून कापत राहते. साधारण १५० अंशांच्या आसपास तो वितळतो आणि कमजोर त्याच्या बराच आधी होतो. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असल्याने भार धरून दोर सोडताना ड्रम चांगलाच तापतो. ज्या रोलरवर पोलादी दोराने चरे पाडले आहेत, त्याच्यावरून हा नेला तर करवतीवरून नेल्यासारखंच.

थोडक्यात काय, अमुक दोर चांगला आणि तमुक वाईट असं नाही. पोलादी दोर जड आहे, रागीट आहे, पण हयगय सहन करतो आणि मरण्याआधी ओरडतो. सिंथेटिक हलका आहे, माणसाला कमी इजा करतो, पण त्याला आपणहून विचारावं लागतं. वर्षभर गाडी उन्हात उभी आणि दोराकडे बघायला वेळ नाही, अशा माणसाने पोलादी घ्यावा, ग्लोव्ह घालावेत आणि ओढताना दोरावर जाड घोंगडी टाकावी. (दोर कुठलाही असो, लांब उभं राहायचं, आणि विंचच्या दोराला ताणणारा नायलॉनचा दोर कधीही जोडायचा नाही. झार्गावरची शेपटी आठवावी.)

आम्ही सिंथेटिक घेतला. रोलर काढून गुळगुळीत अॅल्युमिनियमचं तोंड बसवलं, ड्रमवरच्या पहिल्या थराला उष्णतारोधक बाही, आणि प्रत्येक ट्रिपनंतर दोर पूर्ण सोडून, धुऊन, तपासायचा असं ठरलं. गाडीत एक वहीही ठेवली आहे: तारीख, कुठे ओढला, काय दिसलं.

गेल्या रविवारी पहिली तपासणी झाली. मित्र दोराचा एक-एक वीत भाग उघड्या बोटांतून सरकवत होता: कुठे ताठ झालाय का, कुठे वितळून चकाकतोय का, कुठे पेड तुटलाय का. पोलादी दोराला असा उघडा हात लावायची सोय नव्हती. मला आमची कोकणातली आजी आठवली. विहिरीत कळशी सोडण्याआधी ती रोज दोर असाच बोटांतून सरकवायची, गप्पा मारता मारता, दोराकडे न बघता.

एका ठिकाणी मित्राची बोटं थांबली. दोन धागे उसवले होते. त्याने पक्कड काढली नाही, वही काढली.