पीक मॉडेल व माहिती विश्लेषण : कृषी विद्यापीठातील संशोधन पदे

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी कधी करावी, एकच संरक्षित पाणी असेल तर ते केव्हा द्यावे, अशा प्रश्नांचा अभ्यास करताना शेतातील प्रयोगांना आता संगणकीय पीक मॉडेलची जोड दिली जाते. कृषी पदवीधरांसाठी हे संशोधनाचे वेगळे क्षेत्र आहे.

कामाची ठिकाणे
सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी अंतर्गत येथे विभागीय कृषी संशोधन केंद्र असून, अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प तेथे राबविला जातो. केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

कामाचे स्वरूप
- पाऊस, कमाल व किमान तापमान, सूर्यप्रकाश यांच्या दैनंदिन नोंदी तपासणे.
- जमिनीची खोली, थरनिहाय ओलावा, पिकाच्या अवस्था व उत्पादन यांची माहिती संकलित करणे.
- डीएसएसएटी, ॲक्वाक्रॉप यांसारखी मॉडेल चालवून निष्कर्ष प्रत्यक्ष उत्पादनाशी पडताळणे.

नोंद चुकल्यास काय होते?
समजा, जमिनीची खोली ६० सेंमी असून, दर १० सेंमी थरात पिकाला उपलब्ध होणारा ओलावा १५ मिमी आहे. म्हणजे एकूण ९० मिमी. पिकाची गरज दररोज ३ मिमी धरल्यास हा ओलावा ३० दिवस पुरेल. नोंदीत खोली ९० सेंमी पडली, तर मॉडेल ४५ दिवस दाखवेल. या १५ दिवसांच्या फरकात ज्वारी पोटरी किंवा फुलोऱ्यात असेल, तर संरक्षित पाण्याची वेळ टळते आणि दाणे कमी भरतात. त्यामुळे संगणकासमोर बसणाऱ्याला माती परीक्षण खड्डा व पिकाच्या अवस्था ओळखता आल्याच पाहिजेत.

पात्रता व कौशल्ये
- कृषिविद्या, मृदाशास्त्र, कृषी हवामानशास्त्र, कृषी सांख्यिकी किंवा मृद व जलसंधारण अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी उपयुक्त ठरते. नेमकी अट प्रत्येक जाहिरातीत पाहावी.
- संख्याशास्त्राचा पाया पक्का असावा. आर व पायथन या प्रणाली मोफत उपलब्ध असल्याने शिकताना त्यांवर सराव करावा.

अर्जापूर्वी लक्षात घ्यावे
ज्युनियर व सीनियर रिसर्च फेलो, यंग प्रोफेशनल ही पदे साधारणपणे प्रकल्पाच्या मुदतीपुरती व ठरावीक मानधनावर असतात. प्रकल्प संपल्यावर कायम नेमणुकीचा हक्क मिळत नाही. मुदत व मानधन आधी तपासावे. भारतीय कृषी संशोधन परिषदेतील कायम शास्त्रज्ञ पदांसाठी कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची स्वतंत्र परीक्षा असते. तिची तयारी सोबतच सुरू ठेवावी.

शेतकऱ्यांनीही मॉडेलवर आधारित सल्ला वापरताना तो किती खोल जमिनीसाठी आहे हे विचारावे आणि आपल्या रानातील ओल पाहूनच निर्णय घ्यावा.