धनुष्याला कप्प्या लागल्या तेव्हा

साधे धनुष्य आपण जितके ताणू, तितका जोर अधिक लागतो. नेम धरतानाच हात थरथरतो आणि जनावर नुसते जखमी होऊन पळते. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली वेगळ्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या होत्या; मात्र त्यांचा आस मध्यभागी नव्हता. कप्पी फिरताना तरफेची भुजा बदलते आणि अखेरीस जोर बराच उतरतो. साठलेली ऊर्जा मात्र कायम राहते. पुढे गोल कप्प्यांच्या जागी कॅम आले. परंतु दोन्ही कॅम एकाच वेळी फिरले नाहीत, तर बाण सरळ सुटत नाही. १९९० च्या दशकात मॅट मॅकफर्सन यांनी खाली एकच कॅम व वर साधे गोल चाक ठेवले. जुळवणीचा प्रश्न मिटला. तरफ शिकवताना आपण हे उदाहरण जरूर घेऊ या.