किल्ली कुणाच्या हाती

नवउद्योजकांच्या मेळाव्यात नेतृत्वावर बोलायला बोलावलं, की मी किर्लोस्करवाडीबद्दल बोलतो. कुपवाडला माझी ओतशाळा आहे आणि वाडी तिथून फार लांब नाही. आमच्या आजोबांनी तिथेच साचे भरले, त्यामुळे वाडीच्या गोष्टी घरातच ऐकल्या.

ही वाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगाव गाठलं. थोरल्या भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतंच. मग आला लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, तरी लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून हात टेकले नाहीत.

बेळगावच्या नगरपालिकेने नांगरांच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये माणसं तिथे उतरली, तेव्हा नुसता निवडुंग माजलेला, साप निघायचे.

इथून पुढचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वस्ती उभारायची, पाणी आणायचं, स्वच्छता राखायची, ही सगळी जबाबदारी रामूअण्णांवर सोपवली. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. कारखान्यात पडेल ते काम निभावणारे शंभूराव जांभेकर. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कल्पना लढवायला लागले आणि नावाजलेले इंजिनिअर झाले. आज आमच्याकडे अर्ज आला की आधी मार्कलिस्ट मागतात. लक्ष्मणरावांनी मुलाचा हात यंत्रावर कसा चालतो ते पाहिलं असणार, असं मला वाटतं.

आणि राखणदार? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले. काही जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा इंग्रजांनी केला होता, त्या काळात लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा या दोघांवर सोपवला आणि तो त्यांनी इमानाने केला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही दंडक होता. धंदा करणाऱ्याला ठाऊक असतं, बँकेचं कर्ज एक वेळ मिळतं, पण स्टोअरची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन रात्री निवांत झोपायला फार मोठी छाती लागते. माझ्या ओतशाळेत आज फोरमनच भट्टीचा निर्णय घेतो, मला विचारायला थांबत नाही. तो धीर मला वाडीच्या गोष्टींनीच दिला.

कुंडल रोडचं पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन झालं. नांगराबरोबर चरक आले, पंप आले. १९२० मध्ये कारखान्याचं वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, तेही लक्ष्मणरावांनी स्वतःकडे ठेवलं नाही. व्यंगचित्रं काढणारे पुतणे शंकरराव यांच्या हाती दिलं. शंकररावांनी त्यातून महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक घडवलं आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू केलं.