शिक्षेचे माप

बलात्काराच्या शिक्षेची गोष्ट निघाली, की आपल्याकडे कोणीतरी रांझ्याच्या पाटलाचे नाव घेतोच. शिवाजी महाराजांचे ते पत्र इ. स. १६४६ च्या सुमाराचे. बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडले आणि पाटीलकी त्याच्याच कुळातील सोनजी गुजराला दिली, असे त्यात आहे. परंतु पत्राचा खरा विषय वतनाचा. गुन्ह्यासाठी ‘बदअमल’ एवढाच मोघम शब्द. स्त्रीवरील अत्याचार हा अर्थ परंपरेने चालत आलेला. त्या बाईचा तर उल्लेखही नाही.

१८६० च्या दंडसंहितेने जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली, वर दंड. सारी मेख त्या ‘पर्यंत’मध्ये. खालची मर्यादाच नसल्याने न्यायाधीशाला एक वर्ष पुरेसे वाटले तर एकच.

हा कायदा चालू असतानाच १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात दुसरा न्याय उभा राहिला. वाळवा, खानापूर, तासगाव हे आजच्या सांगलीचे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली. दरोडेखोर, नाडणारे सावकार यांच्याप्रमाणेच बायाबापड्यांवर हात टाकणारेही तिथे उभे केले गेले. तळपायावर काठ्या बसत. पायाला पत्री ठोकतात अशी वदंता उठली, आणि ‘प्रति’चे ‘पत्री सरकार’ झाले ते कायमचेच. जुन्या मंडळींना या न्यायाचा अभिमान वाटे, आणि तो अकारण नव्हता. ज्या पारावर गुंडाची दहशत, तिथेच निकाल लागे. कचेरीच्या खेपा नाहीत, वकिलाची फी नाही. परंतु अपीलही नव्हते. आणि चार पुरुषांसमोर, भर गावात, त्या बाईने बोलायचे कसे? हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

सरकारी कोर्टात तरी तो कुठे सुटला होता? १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षे व दुसऱ्याला एक वर्ष सुनावले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, हे त्यांतले एक मोठे कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या.

१९८३ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा सात वर्षे, कोठडीतील अत्याचाराला दहा, अशी खालची रेघ प्रथम ओढली. पण ‘पुरेशी व विशेष कारणे’ असल्यास कमी करण्याची फट ठेवली. तिचा उपयोग कसा झाला पाहा : १९८९ मध्ये हरियाणातील एका खटल्यात दोन पोलिसांच्या दहा वर्षांची पाच झाली, आणि कारण म्हणून फिर्यादीच्याच ‘वर्तना’कडे बोट दाखविले गेले. शिक्षा कोणाची मोजायची, आणि वर्तन कोणाचे!

ही फट २०१३ मध्ये, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, बुजली. २०१८ मध्ये किमान सातची दहा झाली. बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीही आली, जिची शिफारस वर्मा समितीने केली नव्हती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दहा वर्षांची रेघ तिने कायम ठेवली. आणि नवऱ्याला या गुन्ह्यातून वगळणारा १८६० चा अपवादही, पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर, तिने ठेवला आहे.