पाणी कुठवर आलं होतं?

शनिवार पेठेत माझ्या लहानपणी काळाचे दोनच भाग होते, पुराच्या आधीचा आणि पुरानंतरचा. धाकट्या काकांची मुंज पुराच्या आधी, आत्याची मॅट्रिक पुरानंतर. आजोबांची सायकल पुराच्या आधीची, आजीचं शिवणयंत्र पुरात जाऊन पुन्हा घेतलेलं. साल कुणी सांगत नसे. १२ जुलै १९६१ हा दिवस पेठेतल्या घराघराला पाठ होता. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासला धरणाच्या भिंतीनेही हाय खाल्ली, आणि मुठेच्या काठाकाठाने वसलेलं पुणं पाण्याखाली गेलं.

मी जन्मले ती पुरानंतर. म्हणजे मला जो पूर माहीत आहे तो सगळा ऐकलेला. आजीचा पूर माजघरातला होता, आत्याचा गच्चीवरचा आणि माडीवरच्या भाडेकरू नानांचा पूर नव्या पुलावरचा. तिघं एकाच वाड्यात राहत होती, पण तिघांच्या गोष्टी कधी एकसारख्या निघाल्या नाहीत. लहानपणी मला वाटे की यातली एकच खरी असणार. आता तिन्ही खऱ्या वाटतात.

आमची पेठ नदीला धरून आहे. मोगलाईत तिचं नाव मुर्तजाबाद होतं. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि मग आजूबाजूला सरदार, कारकून, वैद्य, भिक्षुकांचे वाडे उभे राहिले. ओंकारेश्वराचं देऊळ त्याच दशकातलं, अगदी नदीकाठचं. चिमाजीअप्पांची समाधी तिथलीच. पावसाळ्यात मुठा चढायची, ओंकारेश्वराकडे पाणी यायचं, उतरायचं. पेठेला त्याची भीती नव्हती. पूर ही बघायला जायची गोष्ट होती. मुलांना खांद्यावर घेऊन माणसं पुलावर जात आणि वाहून येणारे ओंडके बघत उभी राहत.

बारा जुलैच्या सकाळीही लोक असेच पुलावर गेले होते. नाना त्यांतले एक.

पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण. ठरल्यापेक्षा वर्षभर आधी त्यात पाणी साठवायची घाई झाली. पाणी सोडायची मोरी धरणाच्या पोटातून जात होती. तिचं काम अपुरं होतं आणि तिच्या बांधकामात सळया घातलेलं काँक्रीट नव्हतं. त्या वर्षी पाऊस लवकर आणि जोराचा झाला. मोरीतून धडाडत जाणाऱ्या पाण्याने वरची माती खचू लागली, धरणाचा माथा खाली बसू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात तिथे वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण ते रात्री न फुटता उजाडल्यावर, सातच्या सुमारास फुटलं. पुण्याच्या इतिहासात त्या पोत्यांइतकं मोलाचं काम फार थोडं झालं असेल. झोपेतल्या पेठांवर ते पाणी आलं असतं, तर सांगायला माणसं उरली नसती. आजी त्या जवानांचा विषय निघाला की नेहमी हात जोडायची.

पुढची सूचना मात्र लोकांपर्यंत धड पोचली नाही. पोचली ती आरोळी. ‘धरण फुटलं, पळा!’ असं कुणीतरी मेहुणपुऱ्याच्या बाजूने ओरडत गेलं, ते आजीने चुलीपुढे बसल्या बसल्या ऐकलं आणि खोटं मानलं. धरण कसं फुटेल? ते तर सरकारने बांधलंय. तिचा हा प्रश्न मी लहानपणी गोष्टीतला प्रश्न म्हणून ऐकत असे. आज तो मला त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जड प्रश्न वाटतो.

आजी सांगायची की पाणी दारातून आलंच नाही, आधी मोरीतून आलं. स्वयंपाकघरातल्या मोरीचं भोक बुडबुडलं आणि काळं पाणी उलटं वर आलं. तिने पोतेरं कोंबलं. मग चौकातल्या गटारातून आलं, मग दिंडी दरवाजाच्या फटीतून. तिने काय उचललं? देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, धाकट्या काकांना आणि दुधाचं पातेलं. दागिन्यांचा डबा फडताळातच राहिला. ‘अगं, दूध तापलेलं होतं, नासलं असतं,’ असं ती पुढे तीस वर्षं सांगत राहिली, आणि त्यावर वाड्यातली एकही बाई कधी हसली नाही. प्रत्येकीने त्या दिवशी असंच काहीतरी उचललं होतं.

नाना पुलावरून पळाले तेव्हा पाणी कमानींना भिडलं होतं. लकडी पूल आणि नवा पूल दोन्ही बुडाले. नव्या पुलाचं नाव शिवाजी पूल, पण पेठेतली माणसं अजून त्याला नवा पूलच म्हणतात. नानांनी पाण्यावरून काय काय जाताना पाहिलं, त्याची यादी ते सांगायचे: गवताच्या गंज्या, म्हशी, टेबलं, एक अख्खं छप्पर. माणसांपाशी आले की थांबायचे. मी एकदा आग्रह धरला, तेव्हा आत्याने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आत्या तेव्हा तेरा वर्षांची. शेजारच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर आसपासची सगळी बिऱ्हाडं चढली होती, त्यात ती. तिथून तिने ओंकारेश्वराकडे पाहिलं तर देवळाचा कळस तेवढा दिसत होता. आमचा वाडा तिच्या डोळ्यांदेखत बसला. धाडकन कोसळला असं सगळे सांगतात; आत्या म्हणते, तसं नाही, तो बसला. वाड्यांच्या भिंती वरून विटांच्या दिसल्या तरी आत मातीच असायची. ती भिजून विरघळली, सागवानी खांब उभेच राहिले आणि भिंती त्यांच्या पायाशी उतरल्या. धुरळा उठला नाही. भिजलेल्या मातीचा धुरळा उठत नाही, हे आत्याचं वाक्य.

दुपारी पाणी सर्वांत वर होतं, संध्याकाळी ओसरू लागलं. रात्री दिवे नव्हते आणि अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा पाणी आलं’ अशी आवई उठली आणि वाचलेली माणसं पर्वतीच्या दिशेने धावत सुटली. आजी म्हणायची, पहिल्या दिवशी पळताना काही कळत नव्हतं, दुसऱ्या दिवशी सगळं कळत होतं. म्हणून दुसरा दिवस जास्त वाईट.

मग गाळ. पुराच्या गोष्टींत पाण्याला तास मिळतात आणि गाळाला महिने. गुडघाभर, चिकट, रॉकेल आणि कुजलेल्या धान्याच्या वासाचा. गव्हाची कणगी फुगून फुटली होती. आजोबांच्या पोथ्यांची पानं आजीने एकेक सुटी करून दोरीवर वाळत घातली. ती वाळल्यावर पापडासारखी कडक झाली आणि हात लावताच तुटायला लागली. टायफॉईड-कॉलऱ्याच्या सुया टोचून घ्यायला रांगा लागल्या. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे पडले. तेव्हा वाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी उपसल्या गेल्या आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळाचं पाणी, दोनशे वर्षांपूर्वीच्या हौदांतून, लोकांच्या घागरींत पडलं.

किती माणसं गेली? हजाराच्या आसपासचा आकडा सांगितला जातो. त्यावर एकमत कधीच झालं नाही. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. काम चालू असतानाच त्यांचं निधन झालं आणि पुढची चौकशी न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेली. पुनर्वसनाची धुरा सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्या त्यातून वाढल्या. अर्धगोल छपरांच्या निसेन हटमध्ये लोकांनी संसार मांडले. पूरग्रस्त सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशकं रेंगाळला. ज्यांच्या नावावर घर व्हायचं, त्यांतले अनेक वाट पाहूनच गेले.

पेठेचं रूप तेव्हा बदललं ते कायमचंच. पुरात जे वाडे पडले त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि जे उरले त्यांतले बहुतेक गेल्या वीस-तीस वर्षांत पाडले गेले. आमच्याकडे पडझडीतून वाचलेली एक भिंत होती. तिच्यावर कोनाड्याच्या वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक तपकिरी रेघ होती. दर दिवाळीला चुना लावला तरी पावसाळ्यात ती पुन्हा उमटायची. आजोबांनी तिच्याखाली खडूने तारीख लिहिली होती. नव्या इमारतीसाठी ती भिंत पाडली तेव्हा फोटो काढायचं कुणालाही सुचलं नाही.

याचं वाईट मला केवळ आठवणींसाठी वाटत नाही. आज नदीकाठी बांधकाम कुठवर करायचं, हे निळ्या आणि लाल पूररेषेवर ठरतं. त्या रेषा नकाशावर कुठे ओढायच्या यावरून वाद होतात. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत ते शिरलं. तिथल्या माणसांनी पहिल्यांदा एकच विचारलं: आधी सांगितलं का नाही? पाणी कुठवर येऊ शकतं, हे या शहराच्या भिंतींवर लिहिलेलं होतं. भिंती गेल्या. आता ते फक्त काही माणसांना माहीत आहे.

म्हणून शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतल्या आणि डेक्कनच्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्याकडे त्या दिवसाचं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा. मोठ्या गोष्टी विचारू नका. तुमचं घर कुठे होतं, पाणी कितव्या पायरीवर आलं, तुम्ही काय उचललंत, कुणाच्या गच्चीवर चढलात, एवढंच विचारा. उत्तर पत्त्यासकट लिहून ठेवा. घर पाडायला काढलं असेल तर आधी भिंती नीट बघा. रेघ दिसली तर जमिनीपासून टेप लावून मोजा आणि फोटो काढा. १९६१ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.