ज्वालामुखी राख व खोळंबलेले हवाई प्रवासी

दहिसर ते अंधेरी या मुंबईच्या उपनगरांतील मूळ खडक ज्वालामुखीजन्य असले, तरी ते उद्रेक सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे होत. अलीकडील उद्रेकांची झळ शहराला लागली ती विमानमार्गांनी. जून १९८२ मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑक्लंडकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही एंजिने जावानजीक गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत बंद पडली. ती पुन्हा चालू झाल्याने २६३ जण बचावले. राख एंजिनात वितळून पुढे काचेसारखी थिजते. साहजिकच राखेपासून पूर्णतः दूर राहण्याचा दंडक पडला.

आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्लच्या १४ एप्रिल २०१० च्या उद्रेकानंतर उत्तर व पश्चिम यूरोपचे बहुतेक आकाश सु. सहा दिवस बंद राहिले, सु. एक लक्ष उड्डाणे रद्द झाली व सु. एक कोटी प्रवासी खोळंबले. मुंबईहून यूरोपला निघालेल्यांचे हक्क मात्र समान नव्हते. यूरोपीय संघाच्या २००४ च्या विनियमाने संघातील विमानकंपनीवर अशा प्रवाशांच्या भोजन-निवासाचे बंधन होते. भारतीय वा आखाती कंपनीच्या प्रवाशास, मार्ग तोच असूनही, ते संरक्षण नव्हते. हा भेद अन्याय्यच म्हणावा लागेल. यूरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हे बंधन अशा आपत्तीतही टिकते, असा निर्णय दिला. भारतात उड्डाण रद्द झाल्यास द्यावयाच्या सुविधांचे सविस्तर नियम ऑगस्ट २०१० मध्ये निघाले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बीची राख भारतावर आली, तेव्हा विमानांच्या तपासणीसाठी एअर इंडियाने रद्द केलेल्या उड्डाणांत मुंबई–हैदराबाद व मुंबई–कोलकाता ही देशांतर्गत उड्डाणेही होती.